थंड ठेवा म्हणाले, पण कुठं ते कोणी विचारलं नाही

डॉक्टर म्हणाले, "तुमच्या मुलीला टाइप वन डायबिटीस आहे," तेव्हा मी हसले. खोटं कशाला सांगू, चांगली खळखळून हसले.

"साहेब, कागद बदलला असन तुमचा," मी म्हटलं. "शुगर त शेठ लोकाइले होते. माह्या पोरीच्या अंगावर मूठभर मास नाही. तिले कुठून शुगर?"

डॉक्टर हसले नाहीत. पलंगावर माझी प्रणाली पडली होती. बारा वर्षांची. दोन्ही हातांना सलाईन, ओठ कोरडे ठक्क, पळून आल्यासारखी धाप लागलेली. डॉक्टर म्हणाले, "ताई, ही वेगळी शुगर. लहान मुलांना होते. गोड खाल्ल्यानं नाही होत, कोणाच्या चुकीनं नाही होत. हिच्या शरीरात इन्सुलिन तयार व्हायचं बंद झालंय. ते आता रोज बाहेरून द्यावं लागेल. आयुष्यभर."

मग माझं हसू गेलं ते गेलंच.

मी पांढरकवड्याच्या अलीकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. दहावी झालेली आहे. लिहिताना जमेल तितकं शाळेतल्यासारखं लिहिते, पण जे जसं बोललं गेलं ते तसंच ठेवलंय, त्याला इस्त्री केलेली नाही. हे लिहायचं कारण एवढंच की माझ्यासारखी दुसरी कोणी बाई उद्या त्याच पलंगाशेजारी उभी राहील. तिनं माझी चूक करू नये. आणि दवाखान्यानंही करू नये.

खुणा आधीपासून होत्या. पोट्टी तांब्याच्या तांब्या पाणी प्यायची. शाळेत दर तासाला बाहेर जायची, मास्तर ओरडायचे. माझ्याच हातची खिचडी दोन-दोन वेळा घ्यायची आणि तरी फ्रॉक दिवसेंदिवस ढिला होत चालला होता. बाया म्हणाल्या, अंग टाकते या वयात. मीही मान हलवली. एक दिवस ती शाळेच्या ओट्यावर ओकली आणि उठेचना. तिच्या तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता. पांढरकवड्याच्या दवाखान्यानं तपासलं आणि लगेच अँब्युलन्समधून जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

त्या अवस्थेला डॉक्टर डीकेए म्हणतात. डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिस. आपण खातो त्याची साखर होऊन रक्तात फिरते, पण ती अंगाला लागायची तर इन्सुलिन पाहिजे. ते नसलं की अंग उपाशी राहतं, मग स्वतःचीच चरबी जाळायला लागतं आणि त्यातून रक्तात आम्ल साठतं. मी स्वयंपाकीण, मला ते असं समजलं की सरपणाचा ढीग दारात पडलाय आणि चुलीचं तोंडच बुजलंय. वेळेवर आणलं नाही तर माणूस जातो, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. मला सरळ सांगणारे लोक आवडतात.

आठव्या दिवशी प्रणाली उठून बसली. नवव्या दिवशी मला सुई टोचायला शिकवली. दिवसातून दोनदा, सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी. नर्सबाईंनी सांगितलं, टोचण्याआधी बाटली दोन्ही तळहातांत हळूहळू फिरवायची, जोरात हलवायची नाही. हे मी नीट लक्षात ठेवलं. पुढं काय झालं त्यात याचाही वाटा आहे.

आता माझी चूक सांगते. लाज वाटते, पण सांगते.

सुट्टी व्हायच्या दिवशी मोठे डॉक्टर राउंडला आले. त्यांच्यामागे सात-आठ शिकाऊ डॉक्टर, नर्सबाई, हातात फाइल धरलेला एक जण. शेजारच्या पलंगावर मारेगावकडची एक बाई आपल्या मुलाला घेऊन होती. तिनं पहिल्याच दिवशी आमचं आडनाव विचारलं होतं आणि आडनाव ऐकल्यावर आपला पाण्याचा जग उचलून पलीकडच्या बाजूला ठेवला होता. मी पाहिलं होतं. काही बोलले नव्हते, पण मनात तो जग तसाच होता. त्या बाईच्या देखत डॉक्टरांनी विचारलं, "इन्सुलिन थंड ठेवावं लागतं. घरी फ्रीज आहे ना?"

ती बाई माझ्याकडे पाहत होती.

"हाय ना," मी म्हटलं.

डॉक्टरांनी मान हलवली, फाइलवर खूण झाली, सगळे पुढच्या पलंगाकडे गेले. एवढंसं बोलणं. त्यावर पुढचे सहा महिने माझी पोरगी मरणाच्या दारात जाऊन-येऊन राहिली.

आमच्या घरी फ्रीज नाही. माझे मालक गौतम ट्रकवर ड्रायव्हर आहेत, महिन्यातले वीस दिवस हैदराबादच्या रस्त्यावर असतात. लाईट आहे, पण ती येते पाहुण्यासारखी. फ्रीज नसणं ही काही लाजायची गोष्ट आहे का? आज विचाराल तर मी म्हणेन, अजिबात नाही. त्या दिवशी मात्र वाटली, बाप्पा.

पण मी काही औषध उन्हात टाकणारी बाई नव्हे. घरी पोचल्या पोचल्या मी फाट्यावर गेले. तिथं दिलीपभाऊंचं दुकान आहे, चहा, थंडा, कुल्फी. ट्रकवाले थांबतात म्हणून त्यांनी जनरेटरही ठेवलंय, म्हणजे त्यांची बर्फाची पेटी कधी बंद पडत नाही. मी हात जोडले, म्हटलं, "भाऊ, पोरीचं औषध हाय. थंड ठेवा लागते."

दिलीपभाऊ चांगला माणूस. त्यांनी कुल्फीचे डबे बाजूला केले, पेटीच्या अगदी तळाशी जागा केली. म्हणाले, "वहिनी, येथी सगळ्यात जास्त थंड असते. बिनफिकीर राहा."

मी बिनफिकीर राहिले.

रोज सकाळी उजाडताच फाट्यावर जायची, बाटली घ्यायची. ती दगडासारखी कडक असायची. मला त्याचं नवल वाटलं नाही. नर्सबाईंनी तळहातांत फिरवायला सांगितलं होतं ना? माझ्या डोक्यात बसलं, बाटली गोठलेली असते म्हणूनच फिरवायची. मी ती मुठीत घट्ट धरून घरी यायची. वाटभर हात बधिर व्हायचा, तरी सोडायची नाही, कारण लेकीच्या अंगात थंडगार औषध जायला नको. घरी येईपर्यंत ती वितळायची. मग हळूहळू फिरवायची, सिरींज भरायची, टोचायची. पुन्हा बाटली फाट्यावर. संध्याकाळी पुन्हा तेच. एक दिवस चुकवला नाही. तापानं फणफणले होते तेव्हाही गेले.

शुगर काही उतरेना. उपकेंद्रात तपासली की आकडा वरच. प्रणाली पुन्हा पाणी प्यायला लागली, पुन्हा बारीक होत गेली. वर्गात डोकं बाकावर टेकवून बसायची. दिवाळीनंतर, कापूस वेचणीच्या दिवसांत, पुन्हा डीकेए. पुन्हा अँब्युलन्स, सलाईन, धाप.

डॉक्टरांनी डोस वाढवला. "बरोबर देता ना?" त्यांनी विचारलं. "देतो साहेब." "थंड ठेवता ना?" "एकदम थंड ठेवतो." यात एकही शब्द खोटा नव्हता.

संक्रांतीनंतर तिसऱ्यांदा. या वेळी दोन दिवस ती डोळे उघडत नव्हती. माझी जाऊ भेटायला आली आणि पलंगापाशी उभी राहून म्हणाली, "कायले सुया टोचून छळता पोरीले? एक वैदू आहे, मुळी देते. नाही त तिच्या नशिबात जेवढं असन तेवढं." मी तिला हात धरून बाहेर नेलं आणि म्हटलं, "नशीब तुह्या घरी नेऊन ठेव. माही पोट्टी येथून पायानं चालत जाईन." बोलले खरी. मग आत येऊन पोरीची धाप मोजत बसले.

मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "ताई, चौथ्यांदा अशी आली तर मी शब्द देऊ शकत नाही," ते म्हणाले. ते रागावले नव्हते, थकले होते. मला त्यांचा राग आला नाही. मला कळतच नव्हतं की मी आणखी काय करू.

राग आला तो दुपारी. फाइल पलंगाच्या पायथ्याशी राहिली होती. नर्सिंगच्या एका शिकाऊ मुलीला मी म्हटलं, बेटा, काय लिहिलंय वाच ना. तिनं वाचलं आणि फाइल मिटायला लागली. मी म्हटलं, वाच म्हणते ना. मग तिनं सांगितलं. "पुअर कम्प्लायन्स," म्हणजे सांगितलेलं न पाळणारे. आणि खाली, "पॅरेंटल नेग्लेक्ट," म्हणजे आईबापाचं दुर्लक्ष.

दुर्लक्ष! माझं डोकं सटकलं. फाइल घेऊन मी नर्सबाईंच्या टेबलावर आपटली. "ज्यानं हे लिवलं त्याले बोलवा आत्ताच्या आत्ता! सहा महिने झाले, हाताची कातडी गेली माही. माह्यावर दुर्लक्ष लिवता? लाज नाही वाटत?" सगळा वॉर्ड पाहत होता. वॉचमन आला. मी म्हटलं, हात लावून तर पाह्य.

नर्सबाईंनी शहाणपणा केला. वॉचमनला परत पाठवलं आणि कुमरे मॅडमना फोन लावला. कुमरे मॅडम दवाखान्यातल्या समाजसेवा अधीक्षक. अशी एक जागा मोठ्या सरकारी दवाखान्यात असते, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. गरीब पेशंटचे कागद, योजना, घरची अडचण, हे पाहणं त्यांचं काम. मला वाटलं, भांडखोर बाईला गप्प करायला आणखी एक आली.

पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी फाइलीकडे पाहिलंच नाही. मला म्हणाल्या, "जेवल्या का?"

मी कालपासून जेवले नव्हते. ते मला त्यांनी विचारल्यावर आठवलं.

त्यांच्या खोलीत नेलं. खोली कसली, कपाटामागचा कोपरा. पण दार होतं आणि ते त्यांनी लावलं. पोहे मागवले, चहा मागवला. मी खाईपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत. मग वही न उघडताच म्हणाल्या, "सुनंदाताई, मले एक साधा दिवस सांगा. सकाळी डोळा उघडते तिथून. घाई नाही."

आमच्याच बाजूची बोली ऐकून मी जरा सैल झाले. म्हटलं, "सकाळी उठते. चूल पेटवते. मंग फाट्यावर जाते..."

"फाट्यावर कायले?"

"औषध आणाले."

"औषध फाट्यावर काहून?"

मी चहाचा कप खाली ठेवला. सहा महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी 'ठेवता का' न विचारता 'काहून' विचारलं होतं, आणि तेही दार लावून. मी म्हटलं, "मॅडम, घरी फ्रीज नाही. मी खोटं बोलली होती."

"बरं," त्या म्हणाल्या. भुवई हलली नाही की काही नाही. "मंग ठेवता कुठी?"

मी सगळं सांगितलं. दिलीपभाऊ, कुल्फी, तळाची जागा. मूठ वळून दाखवली, बाटली कशी धरते, वाटेनं कशी वितळते. सांगताना मला जरा अभिमानच वाटत होता. मी किती काळजी घेते हे आता तरी कोणी लिहून घेईल, असं वाटलं.

कुमरे मॅडम माझ्या मुठीकडे पाहत राहिल्या. मग उठल्या आणि स्वतः जाऊन मोठ्या डॉक्टरांना घेऊन आल्या.

माझ्या पिशवीत रुमालात गुंडाळलेली बाटली होती. डॉक्टरांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. आत बारीक बारीक कण्या तरंगत होत्या. मग वॉर्डातली नवी बाटली आणून शेजारी धरली. ती दुधासारखी एकसारखी. डॉक्टर म्हणाले, "ताई, इन्सुलिन थंड ठेवायचं, पण गोठू द्यायचं नाही. एकदा गोठलं की ते मरतं. मग वितळवलं तरी उपयोग नाही."

"म्हंजे मी काय टोचत होती?"

"जवळजवळ पाणीच."

मी खाली बसले. खुर्चीवर नाही, फरशीवर. ज्या हातानं वाटभर जपलं त्याच हातानं मी माझ्या लेकीला सहा महिने पाणी टोचलं होतं. मी रडले. आधी तीन वेळा मी रडले नव्हते, त्याचंही तेव्हाच रडून घेतलं.

डॉक्टर समोरच्या स्टुलावर बसले. म्हणाले, "तुम्ही रोज टोचलंत. आम्ही नुसता डोस वाढवत गेलो. कुठं ठेवता, हे मी एकदाही विचारलं नाही. तुमच्याइतकीच ही माझी चूक." त्यांनी फाइल मागवली, त्या दोन ओळींवर रेघ मारली आणि बाजूला सही केली. शिकाऊ डॉक्टर दारात उभे राहून पाहत होते. मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. मेलेल्या औषधावर डोस वाढत गेला होता. आता तोच डोस चांगल्या औषधाचा घरी टोचला असता तर शुगर एकदम खाली जाऊन पोरगी तशीच गेली असती. म्हणून दहा दिवस वॉर्डात ठेवून, थोडं थोडं करून, नवा डोस बसवला. आधीच्या डोसाच्या निम्म्याहून कमी निघाला.

ही गोष्ट वाचणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवा. औषध खराब झाल्याचं कळलं तर स्वतःच्या मनानं नवी बाटली आधीच्याच मापानं टोचू नका. आधी डॉक्टरांना गाठा.

त्या दहा दिवसांत कुमरे मॅडमनी माझ्याशी जेवढं बोलणं केलं तेवढं माझ्या सख्ख्या बहिणीनं केलं नसेल. बस किती वाजता येते, परत कधी जाते, शाळेत मधली सुट्टी कधी, गौतम घरी कधी असतात, वेचणीच्या दिवसांत आम्ही सकाळी खातो काय. मी म्हटलं, काळा चहा पितो, जेवण अकराला. त्यांनी कपाळाला हात लावला. कागदावर 'सकाळच्या जेवणाआधी' लिहिलेलं आणि मी सुई सातला टोचायची! चांगल्या औषधानं हे केलं असतं तर पोरगी अकरा वाजेपर्यंत टिकली नसती. आता आमच्या घरी सातला भाकर होते. प्रणालीसाठी होते म्हणून माझ्याही पोटात पडते.

थंड ठेवायचा उपायही त्यांनीच सांगितला. एका मोठ्या मातीच्या भांड्यात लहान भांडं ठेवायचं, दोघांच्या मधल्या जागेत ओली वाळू भरायची, वरून ओलं फडकं. आतल्या भांड्यात डबीत घालून बाटली ठेवायची. आमच्या कोरड्या उन्हाळ्यात ते छान थंड राहतं, पण गोठत कधीच नाही. शिल्लक बाटली प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषधांच्या फ्रीजमध्ये ठेवायची चिठ्ठी त्यांनी डॉक्टरांकडून लिहून घेतली. एका संस्थेकडून घरी शुगर तपासायचं मशीन मिळवलं. आणि तपासणीची तारीख आमच्या बाजाराच्या दिवशी पाडून घेतली, कारण त्या दिवशी गावातून सकाळी जास्तीची बस असते.

घरी गेल्यावर मी दिलीपभाऊंना सांगितलं. त्या माणसाच्या तोंडचं पाणी पळालं. "वहिनी, म्या मारली असती पोरीले," म्हणत राहिले. मी म्हटलं, "तुम्ही कायचे मारता, तुमच्याएवढी जागा माह्या दिरानं दिली नसती." दुसऱ्या दिवशी तेच मोटरसायकलला बांधून दोन्ही भांडी आणि वाळूचं पोतं घेऊन दारात हजर.

शाळेत थोडी कटकट झाली. साडेदहाला प्रणालीला काहीतरी खावं लागतं, आणि मोठे मास्तर म्हणाले, वर्गात खाणं चालणार नाही, बाकीची पोरं पाहतात. मी म्हटलं, "पाहू द्या. समजून सांगा त्याइले, तुम्ही मास्तर हाय ना?" तरी ऐकेनात, तेव्हा मी डॉक्टरांचा कागद आणून त्यांच्या टेबलाच्या काचेखाली सरकवला. आता साडेदहाला वर्गातलीच पोरं तिला आठवण करून देतात. सगळ्यांना माहीत आहे की शुगर फार खाली जाऊन ती घामाघूम झाली, बडबडायला लागली तर आधी साखर तोंडात घालायची, मग मला हाक मारायची. विहारातल्या बायांनाही मी हे शिकवलं.

मे महिन्यात सगळ्यात जास्त धाकधूक होती. बाहेर पत्रा तापून पापड भाजेल असं ऊन. मी फडकं दिवसातून चारदा भिजवायची. कुमरे मॅडमनी दिलेला थर्मामीटर आतल्या भांड्यात ठेवलेला, त्याच्याकडे येता-जाता पाहायची. पण औषध टिकलं. आकडा उतरत गेला. तिचे गाल भरले, आणि तोंडही सुटलं. मला उलट उत्तरं द्यायला लागली. तिच्या तोंडून पहिल्यांदा "तुले काही समजत नाही माय" ऐकलं त्या दिवशी मी मागच्या दारी जाऊन डोळे पुसले.

पण माझ्या मनातला एक काटा निघत नव्हता. मी तपासणीला गेले की मोठ्या डॉक्टरांच्या रांगेत नव्या आया दिसायच्या. कोणी पाड्यावरून आलेली, कोणी वीटभट्टीवरून. त्यांनाही आठ जणांसमोर तोच प्रश्न. आणि त्याही मान हलवायच्या. मला ती मान ओळखू यायची.

एक दिवस मी डॉक्टरांना म्हटलंच, "साहेब, रागवा वाटलं तर. पण असं सगळ्याइच्या समोर इचारलं तर कोणीच खरं सांगणार नाही. मीच सांगतलं नव्हतं. आधी कुमरे मॅडमकडं पाठवा, दार लावून इचारू द्या, मंग तुम्ही तपासा." शिकाऊ डॉक्टर एकमेकांकडे पाहायला लागले. डॉक्टर म्हणाले, "रांग मोठी असते हो ताई." मी म्हटलं, "तीनदा भरती कराले जेवढा टाइम लागते, त्याच्याहून कमीच लागन."

पुढच्या महिन्यात गेले तर ओपीडीच्या आधी एक टेबल होतं. मागे पडदा, आत दोन खुर्च्या, कुमरे मॅडम. त्यांनी मलाही तिथं बसवलं. तेव्हापासून महिन्यातून एकदा मी तिथं असते. मी शिकवत नाही. मी फक्त माझी मूठ दाखवते, कुल्फीची पेटी सांगते. मग समोरची बाई आपोआप बोलायला लागते. एकीच्या घरी लाईटच नव्हती. एकीनं सासूला न सांगता औषध धान्याच्या कोठीत दडवून ठेवलं होतं. एकीला सिरींजवरचे आकडे वाचता येत नव्हते आणि ती अंदाजानं भरत होती. यातलं काही रक्ताच्या तपासणीत दिसत नाही.

तुम्ही वाचत असाल, तुमच्या घरी असं दुखणं असेल, तर एवढं ऐका. नसलेली गोष्ट नाही म्हणून सांगा. फ्रीज नाही, बस नाही, वाचता येत नाही, घरी कोणी टोचू देत नाही, जे असेल ते. दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक कुठं बसतात ते विचारा, आणि कोणी हाकललं तर पुन्हा विचारा. आणि डॉक्टर लोकहो, तुम्ही वाचत असाल तर तुमचे उपकार मी विसरणार नाही. माझी पोरगी तुम्ही तीनदा ओढून आणली आहे. पण आमच्या घरात काय आहे हे माहीत नसताना आमच्यावर दुर्लक्ष लिहू नका.

परवा वर्षाची तपासणी होती. एचबीएवनसी म्हणून एक चाचणी असते, मागच्या तीन महिन्यांची शुगर सरासरीनं कशी राहिली ते त्यात कळतं. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "वा!" प्रणाली आता स्वतः सुई घेते. मामाच्या लग्नात जिलबी किती चालेल, यावर ती डॉक्टरांशी चांगली दहा मिनिटं घासाघीस करत होती. दोनवर तोडलं. मग मी तिला म्हटलं, जा, बाहेर औषधाच्या खिडकीवर नंबर लाव.

ती गेल्यावर मी दार लोटलं. एवढ्या दिवसांत जे विचारायची छाती झाली नव्हती, ते विचारलं.

"साहेब, माही पोट्टी किती जगते?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "ताई, म्हातारी होईल ती. नातवंडं खेळवेल. फक्त इन्सुलिन रोज चांगलं मिळालं पाहिजे आणि तपासणी चुकली नाही पाहिजे."

"ते माह्याकडं लागलं," मी म्हटलं.

बाहेर आले. खिडकीच्या रांगेत प्रणाली उभी होती, दोन वेण्या, शाळेचा ड्रेस, पुढच्या माणसाच्या पाठीमागून डोकावत. मी तिच्या त्या वेण्या मनातल्या मनात पांढऱ्या करून पाहिल्या. तोंडातले दात काढले, पाठीला जरा बाक दिला, हातात काठी दिली. पाहता पाहता मला हसू आलं, आणि ते आवरेना.

"काय पाहून राह्यली व माय?" ती म्हणाली. "लोकं पाहतात ना."

"काही नाही," मी म्हटलं. "म्हातारपणी मस्त दिसशीन तू."